मेरिली वी रोल अलाँग : नवीन रेकॉर्डिंग कुणी ऐकलं का? आणि गाणी सरळ ऐकायची की उलटी?

अंतरा_सांगली (नोव्हेंबर 2023)

नमस्कार मंडळी. 'मेरिली वी रोल अलाँग'चं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जे रिव्हायवल, म्हणजे जुनं नाटक नव्याने, चालू आहे ना, जोनाथन ग्रॉफ, डॅनियल रॅडक्लिफ आणि लिंडसी मेंडेझवालं, त्याचं कास्ट रेकॉर्डिंग आलंय आणि तेव्हापासून माझ्या कानात दुसरं काही नाहीये. पोळ्या लाटताना तेच, बसमध्ये तेच. मी नाटक बघितलेलं नाही, सांगलीत बसून बघणार तरी कुठून, त्यामुळे माझ्यापुरतं हे रेकॉर्डिंग हेच नाटक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन मित्रांची गोष्ट आहे, फ्रँक (ग्रॉफ) संगीतकार, चार्ली (रॅडक्लिफ) त्याची गाणी लिहिणारा, मेरी (मेंडेझ) लेखिका, आणि ती शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितलीय. 1976 ला सुरू होतं तेव्हा फ्रँक हॉलिवूडचा बडा निर्माता झालाय, चार्लीशी बोलणं तुटलंय, मेरी दारूच्या आहारी गेलीय. मग एकेक प्रसंग मागे मागे जात शेवट 1957 ला, तिघं गच्चीवर पहिल्यांदा भेटतात तिथे. संगीत आणि गीतं स्टीफन सॉन्डहाइमची, संहिता जॉर्ज फर्थची.

आता प्रश्न. 'नॉट अ डे गोज बाय' हे गाणं दोनदा येतं. पहिल्यांदा बेथ, म्हणजे फ्रँकची पहिली बायको, घटस्फोटाच्या वेळी कोर्टाबाहेर म्हणते. गाणं सुंदर आहे, केटी रोज क्लार्क गाते पण जबरदस्त, पण खरं सांगू का, तेव्हा ही बेथ कोण, तिचं काय मोडलं हेच आपल्याला नीट माहीत नसतं, मग तिच्यासाठी रडायचं कसं? आणि मग बऱ्याच वेळाने तेच गाणं त्यांच्या लग्नात येतं, तेच शब्द, तीच चाल, आणि तिथे माझा बांध फुटला. माझा एक मित्र म्हणतो की प्लेलिस्ट उलटी लाव, शेवटच्या 'अवर टाइम'पासून सुरू कर म्हणजे गोष्ट सरळ कळेल. तसं करावं का? आणि दुसरं, जिथे तिथे लोक म्हणतात खरी मजा 1981 च्या मूळ रेकॉर्डमध्येच आहे. एवढं चांगलं संगीत होतं तर तेव्हा ते नाटक 16 प्रयोगांत बंद का पडलं?

जुनी_रेकॉर्ड

अंतराताई, उलटी प्लेलिस्ट अजिबात लावू नका, कळकळीने सांगतोय. तुम्हाला लग्नाच्या गाण्याला जो हुंदका आला तो आलाच मुळी कोर्टाबाहेरचं गाणं आधी कानात बसलेलं होतं म्हणून. सरळ क्रमाने ऐकलंत तर आधी आनंद, मग दुःख, असं आपण शंभर ठिकाणी ऐकलेलं आहे. इथे ती नवी नवरी आयुष्यभराच्या आणाभाका घेतेय आणि आपल्याला मात्र या लग्नाचं पुढे काय होणार ते पाठ आहे. आणि त्याच गाण्यात मेरीसुद्धा बाजूला उभी राहून गात असते, तिचं फ्रँकवर प्रेम आहे आणि ते कुणालाच माहीत नाही. लिंडसी मेंडेझचा आवाज तिथे कसा मागे राहून येतो ते हेडफोन लावून ऐका एकदा.

आता 1981 बद्दल. मूळ नाटक 1934 चं, कॉफमन आणि हार्ट यांचं, तेही असंच मागे मागे जाणारं. त्यावरून सॉन्डहाइम आणि दिग्दर्शक हॅल प्रिन्स यांनी हे संगीत नाटक केलं. या जोडीने 1970 च्या 'कंपनी'पासून 1979 च्या 'स्वीनी टॉड'पर्यंत एकापाठोपाठ एक असली कामं केलेली की लोकांच्या अपेक्षा आभाळाला टेकलेल्या. प्रिन्सने ठरवलं की सगळी पात्रं विशीच्या आतबाहेरच्या पोरांनी करायची, म्हणजे सुरुवातीला ती पोरं चाळिशीची माणसं म्हणून वावरणार आणि शेवटी आपल्या खऱ्या वयाला येणार. कल्पना म्हणून मला ती आजही आवडते. पण प्रेक्षकांना कोण कुणाचा कोण तेच कळेना, शेवटी पात्रांच्या स्वेटशर्टवर कोण कोण ते लिहायची वेळ आली. ओपनिंगआधीचे प्रिव्ह्यू प्रयोग चालू असतानाच मुख्य नट बदलला, नृत्यदिग्दर्शक बदलला, लोक मध्येच उठून जायला लागले. 16 नोव्हेंबरला आल्विन थिएटरला ओपनिंग झालं आणि 28 ला पडदा पडला तो पडलाच. प्रिन्स आणि सॉन्डहाइम त्यानंतर 2003 पर्यंत पुन्हा एकत्र आले नाहीत.

आणि आता ऐका, नाटक बंद झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ही सगळी पोरं स्टुडिओत जाऊन उभी राहिली आणि रेकॉर्ड केली. आदल्या रात्री ज्यांचं सगळं संपलंय ती वीस-बावीस वर्षांची मुलं 'अवर टाइम' म्हणतायत. मी ते कितीदा ऐकलं असेल याला गणती नाही आणि आजही मला ते एका दमात ऐकवत नाही. ती रेकॉर्ड निघाली नसती तर हे नाटक कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं, मग पुढची सगळी रिव्हायवलं आणि हे नवीन रेकॉर्डिंग कुठून येणार होतं? आपल्याकडे किती संगीत नाटकं अशीच थोड्या प्रयोगांत गेली आणि मागे उरली ती दोन-चार पदं, तीसुद्धा 78 च्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची म्हणून कापून बसवलेली. नाटकातली बहुतेक गाणी त्याच नटांच्या आवाजात, प्रसंगाच्या क्रमाने, मधल्या काही संवादांसकट जपून ठेवायची ही जी तिकडची पद्धत आहे तिचा मला फार हेवा वाटतो.

पेटीवाला

'जुनी रेकॉर्ड' काकांनी इतिहास सांगितलाच, मी चालीबद्दल बोलतो कारण हे नवीन रेकॉर्डिंग ऐकताना मला ती गोष्ट फारच स्वच्छ ऐकू आली.

'गुड थिंग गोइंग'ची चाल पकडा. दुसरा अंक उघडतो 1964 मध्ये, फ्रँक आणि चार्लीच्या पहिल्या हिट नाटकाची ओपनिंग नाइट, आणि त्या नाटकाची हिरॉइन गसी (इथे क्रिस्टल जॉय ब्राउन) तीच चाल एकदम स्टेजवरच्या हिरॉइनसारखी मिरवत गाते, ब्रास वाजतंय, सगळा थाट. मग मागे जाऊन 1962, गसीच्याच घरची पार्टी, तिथे चार्ली आणि फ्रँक पियानोवर बसून तेच गाणं साधंसुधं म्हणून दाखवतात, लोक खूश होतात, गसी म्हणते अजून एकदा म्हणा. आणि दुसऱ्यांदा म्हणायला लागतात तर पाहुणे आपापसात गप्पा मारायला लागतात, गलका वाढत जातो आणि गाणं त्याच्याखाली बुडतं. रॅडक्लिफ तिथे आवाज चढवत नाही, तो बिचारा गातच राहतो, आणि ते इतकं लागतं ना. मग अजून मागे, 'ओपनिंग डोअर्स', तिघं कफल्लक, फ्रँक पियानोवर, चार्ली टाइपरायटरवर, मेरी तिच्या टाइपरायटरवर, फोन चाललेत, आणि तिथे हीच चाल वेगळ्या शब्दांत पहिल्यांदा जुळतेय, अडखळतेय, खोडली जातेय, पुन्हा बसवली जातेय. ती घेऊन ते निर्माता जो याच्याकडे जातात तर तो म्हणतो लोकांना गुणगुणता येईल असं काहीतरी आणा! सॉन्डहाइमला आयुष्यभर हेच ऐकवलं गेलं, आणि आपल्या सगळ्या गाण्यांत 'ओपनिंग डोअर्स' हे एकच आत्मचरित्रात्मक आहे असं तो स्वतः म्हणालेला आहे.

म्हणजे बघा, आपण आधी सजवलेलं गाणं ऐकतो, मग साधं, मग अर्धंकच्चं. मी रात्री पेटीवर तिन्ही वाजवून बघितली आणि मुखडा तोच राहतो, फक्त त्याच्याभोवतीचं सगळं एकेक करून गळून पडतं. प्लेलिस्ट उलटी केली की हे सगळं गेलं, उरते ती एका गाण्याच्या यशाची गोष्ट, आणि तसल्या गोष्टी आपल्याकडे ढिगाने आहेत.

अजून एक. वाद्यमेळ 1981 मध्ये जोनाथन ट्युनिकने बांधला होता आणि आत्ताही त्यानेच बांधलाय, बेचाळीस वर्षांनी, लहान ताफ्यासाठी. ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं नुसतं वाद्यसंगीत, दोन्ही रेकॉर्डवर लागोपाठ ऐका. जुन्यात ट्रम्पेट अंगावर येतात, नव्यात वाद्यं कमी आहेत पण एकेक ओळ सुटी ऐकू येते. मला दोन्ही हवीत, यात निवड करायला लावू नका कुणी.

शर्वरी_के

मी फक्त रॅडक्लिफवर बोलायला आलेय. 'फ्रँकलिन शेपर्ड इन्क' ऐकलं का नीट? 1973, टीव्हीवर दोघांची लाइव्ह मुलाखत चाललीय, चार्लीला विचारतात तुम्ही दोघं काम कसं करता, आणि हा माणूस सगळ्या देशासमोर आपल्या जिवलग मित्राची लक्तरं काढतो. फोनची घंटा, सेक्रेटरीचा बझर, टाइपरायटर, सगळे आवाज तोंडाने काढतो, मध्येच भान येतं, माफी मागतो आणि परत सुटतो. बरेच गायक हे गाणं संतापाचं म्हणून गातात. रॅडक्लिफ ते दुखावलेल्या माणसाचं म्हणून गातो. शेवटाकडे वेग एकदम खाली येतो आणि तो सांगतो की मला माझा मित्र परत पाहिजे, पैसेवाला नकोय, तिथे त्याचा आवाज पातळ होतो, बारीक होतो, मोठ्या गळ्याच्या गायकाला हे जमलंच नसतं. लोक म्हणतायत की त्याचा आवाज लहान आहे. असू दे की लहान! चार्ली लिहिणारा माणूस आहे, गवई नाही.

1981 चा चार्ली, लॉनी प्राइस, तोही मला आवडतो, त्याच्यात एक पोरसवदा भडका आहे, पण चाळिशीला आलेल्या माणसाचा थकवा त्या वयात कुठून आणणार. या नव्या तिघांची वयंच अशी आहेत की सुरुवातीचं कडवटपण खरं वाटतं आणि शेवटचं कोवळेपण ते अभिनयाने आणतात. प्रिन्सच्या नेमकं उलट गणित आहे हे आणि माझ्या मते म्हणूनच या वेळी ते सुटलं.

तिसरी_घंटा

मी थोडी वेगळी बाजू मांडते, राग मानू नका कुणी.

नवीन रेकॉर्डिंग उत्तम आहे, प्रश्नच नाही. पण त्यात 'द हिल्स ऑफ टुमॉरो' नाहीये आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं. 1981 चं नाटक शाळेच्या पदवीदान समारंभापासून सुरू व्हायचं, मोठा झालेला फ्रँक भाषण द्यायला आलाय आणि मुलं ते गीत म्हणतायत जे त्यानेच विद्यार्थी असताना रचलं होतं. आणि शेवटी आपण त्या मूळ दिवसापाशी पोचायचो. 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे जेम्स लपाइनने दिग्दर्शन केलं तेव्हापासून नाटकाची फेरमांडणी सुरू झाली, 'रिच अँड हॅपी' गेलं आणि त्या जागी 'दॅट फ्रँक' आलं, 'ग्रोइंग अप' नवीन लिहिलं गेलं, शाळेचा भाग पुढे काढून टाकला. 'ग्रोइंग अप' फार सुंदर आहे, ग्रॉफ गातो तेव्हा फ्रँक पहिल्यांदा माणूस वाटायला लागतो, हे मान्य. पण 'रिच अँड हॅपी'मध्ये जी चमकदार पोकळी होती ती 'दॅट फ्रँक'मध्ये मला मिळत नाही.

दुसरं, 1981 च्या रेकॉर्डवर 'नॉट अ डे गोज बाय' पहिल्यांदा फ्रँक गातो, जिम वॉल्टन, बेथ नाही. ते ऐका अंतरा. ज्याने घर मोडलं तोच माणूस हे गातोय, त्याने गाण्याचा अर्थ पूर्ण फिरतो. बेथने गाणं जास्त न्यायाचं आहे हे मला पटतं पण फ्रँकच्या तोंडी ते जास्त अस्वस्थ करतं.

आणि ती जुनी रेकॉर्ड थोडी ओबडधोबड आहे, सूर कुठे कुठे चढतात, पोरं घाईत आहेत, पण नव्या रेकॉर्डिंगमधली सफाई ऐकल्यावर मला तो ओबडधोबडपणा हवासा वाटतो. ज्या नाटकाचा शेवट कोवळ्या पोरांच्या स्वप्नांवर होतो ते गाणारी पोरं खरोखर कोवळी असणं ही काही साधी गोष्ट नाही.

जुनी_रेकॉर्ड

तिसरी घंटा, राग कसला, 'हिल्स ऑफ टुमॉरो'बद्दल मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. फक्त बेथच्या बाबतीत नाही. कोर्टाबाहेर बेथने म्हटलं नाही तर लग्नातल्या गाण्यात तिचा हक्कच राहत नाही, मग ते फ्रँक आणि मेरीचं होऊन बसतं, आणि 1981 च्या रेकॉर्डवर तसंच झालंय.

न्यूजर्सीकर

मी एडिसनला असतो, गेल्या महिन्यात हडसन थिएटरला जाऊन नाटक बघून आलो. तिकिटं महाग आहेत, लपवून काय करायचं, पण बायको म्हणाली यंदा दुसरीकडे कुठे जायचं नाही, हेच बघायचं. मुलगी आली होती ती हॅरी पॉटरला बघायला, बाहेर पडली ती लिंडसी मेंडेझचं नाव घेत.

रेकॉर्डिंगमध्ये जे कळत नाही ते सांगतो. दिग्दर्शिका मारिया फ्रीडमनने मांडणी अशी केलीय की पडदा उघडतो तेव्हा फ्रँक एकटा उभा असतो आणि मग सगळे त्याच्याभोवती जमायला लागतात, म्हणजे हे सगळं त्याच्या डोक्यात, त्याच्या आठवणीत चाललंय. प्रसंगांच्या मध्ये कोरस येऊन मागे जाणारी वर्षं गात जातो, तो भाग ऐकताना नुसता जोडकामाचा वाटतो, तिथे बघताना मात्र फ्रँकच्या तोंडाकडे बघायचं असतं. हा माणूस स्वतःलाच विचारतोय की मी इथे कसा येऊन पोचलो. हे एकदा बघितलं की नाटक उलटं का सांगितलंय हा प्रश्नच पडत नाही, आपणही काही बिघडलं की मागेच जाऊन शोधतो ना कुठे चुकलं ते.

फ्रीडमनबाईंनी स्वतः 1992 ला इंग्लंडमधल्या लेस्टरच्या प्रयोगात मेरीचं काम केलेलं आहे. मग 2012 ला लंडनच्या मेनिए चॉकलेट फॅक्टरीत हे दिग्दर्शित केलं, ते तिथल्याच वेस्ट एंडच्या मोठ्या थिएटरला गेलं, मग बोस्टन, मग 2022 च्या डिसेंबरात न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉप आणि आता ब्रॉडवे. एवढी वर्षं एकाच नाटकाला धरून बसायला काय चिकाटी लागत असेल. सॉन्डहाइम 2021 च्या नोव्हेंबरात गेला, न्यूयॉर्कला झालेलं हे त्याला बघायला मिळालं नाही याची हळहळ तिथे बसल्या बसल्या सारखी वाटत होती.

रेकॉर्डिंग स्टुडिओतलं आहे त्यामुळे टाळ्या नाहीत आणि माझ्या मते ते बरंच झालं. थिएटरात 'फ्रँकलिन शेपर्ड इन्क' संपल्यावर टाळ्या थांबेचनात, त्यात पुढचा क्षण निसटतो. घरी आल्यावर तेवढंच परत ऐकलं.

अंतरा_सांगली

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. पेटीवालादादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिन्ही ठिकाणं लागोपाठ ऐकली, पार्टीतल्या गलक्याखाली गाणं बुडतं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आता ते ऐकवत नाही मला. प्लेलिस्ट उलटी लावत नाही, मित्राला हा धागा पाठवलाय. तिसरीताई, जिम वॉल्टनचं 'नॉट अ डे गोज बाय' ऐकलं. मला बेथचंच जवळचं वाटतं, पण तुम्ही अस्वस्थ म्हणालात ते अगदी बरोबर, गाणं संपल्यावर त्याची कीवही येत नाही आणि रागही धरवत नाही.

शर्वरी_के (जून 2024)

धागा वर काढतेय! चार टोनी पुरस्कार मिळाले काल!! सर्वोत्कृष्ट रिव्हायवल, ग्रॉफला प्रमुख भूमिकेचं, रॅडक्लिफला सहाय्यक भूमिकेचं आणि वाद्यमेळासाठी ट्युनिकला. 16 प्रयोगांत बंद पडलेलं नाटक हो! लिंडसी मेंडेझला नुसतं नामांकन मिळालं, तिला मिळायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. काका, तुम्हीच आठवलात पहिल्यांदा.

जुनी_रेकॉर्ड

शर्वरी, पहाटे उठून बातमी बघितली मी. ग्रॉफ, रॅडक्लिफचा आनंद आहेच, पण ट्युनिकचं नाव वाचलं तेव्हा डोळे भरले. 1981 ची रेकॉर्ड ज्या वाद्यमेळावर उभी आहे तो याच माणसाचा, तेव्हा ते नाटक दोन आठवडेसुद्धा चाललं नाही.

पेटीवाला

ट्युनिकला मिळालं ते फार फार बरं झालं. 7 जुलैला नाटक बंद होतंय म्हणे. न्यूजर्सीकर, जमलं तर परत एकदा जाऊन या, आणि या वेळी पार्टीच्या प्रसंगात दुसऱ्यांदा गाताना चार्ली कुणाकडे बघतो तेवढं बघून इथे लिहा, रेकॉर्डवरून ते काही केल्या कळत नाही.

न्यूजर्सीकर

तिकिटं काढलीत, 29 तारखेची. लिहितो.